सड्यावर झाडं लावू नका राव

जून उजाडला की आमच्याकडं वृक्षारोपणाचा सीझन सुरू होतो. टीशर्ट छापले जातात, रोपवाटिकेतनं टेम्पो भरून रोपं येतात, आणि जागा शोधायची वेळ आली की कुणीतरी हमखास म्हणतं, अरे ते पठार आहे की मोकळं, वर एक झाड नाही, तिथं लावूया. यंदा पण एका ग्रुपनं (नाव नको, माणसं चांगली आहेत, निम्मे माझे मित्रच आहेत) पन्हाळ्याच्या पलीकडच्या एका सड्यावर खड्डे मारायचं ठरवलं. मी नको म्हणालो तर मलाच झाडांचा दुश्मन ठरवून मोकळे झाले. तर हे त्यांच्यासाठी, आणि ज्यांना सडा म्हणजे नुसता कातळ वाटतो त्या सगळ्यांसाठी. जरा लांबलंय, वेळ काढून वाचा.

आपल्या कोल्हापूर जिल्ह्याची पश्चिम बाजू बघा, शाहूवाडी, पन्हाळा, गगनबावडा, राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगड. डोंगर चढून वर गेलं की बऱ्याच ठिकाणी माथा सपाट लागतो, तोच सडा. खालचा काळा बेसॉल्ट लाखो वर्षं पावसानं झिजत गेला, बाकीचं सगळं वाहून गेलं आणि लोखंड नि ॲल्युमिनियमचा अंश तेवढा मागं राहिला, त्याचा हा जांभा. एप्रिलमध्ये वर गेलात तर चपलेतनं पाय भाजतो. आणि त्याच जागेवर जुलैमध्ये घोट्याएवढं पाणी, धुकं, चिखल. माती कुठं बोटभर, कुठं वीतभर, आणि बऱ्याच ठिकाणी नाहीच. म्हणजे वर्षातले आठ महिने भट्टी आणि चार महिने तळं, अशा ठिकाणी जगायचं म्हणजे साध्या झाडाझुडपाचं काम नव्हे.

म्हणून तिथं जे जगतंय ते वेगळंच आहे. ऑगस्टच्या शेवटी मसाई पठारासारख्या ठिकाणी जा आणि उभ्यानं बघू नका, गुडघ्यावर बसा. कातळाच्या खळग्यात पाणी साचलेलं असतं आणि त्याच्या कडेला निळी-जांभळी इवली फुलं, ती सीतेची आसवं. एवढं गोंडस नाव, पण वनस्पती मांसाहारी! मुळाशी मोहरीपेक्षा लहान फुगे असतात, त्याला झडप असते, पाण्यातला सूक्ष्म किडा जवळनं गेला की फुगा त्याला पाण्यासकट आत ओढून घेतो. शेजारी दवबिंदू नावाची दुसरी, तिच्या पानावर चिकट थेंब, त्याच्यावर चिलट बसलं की संपलं. ह्या झाडांना किडे का खावे लागतात, तर त्या मातीत नत्र जवळजवळ नाहीच. माती गरीब आहे म्हणून तर ही झाडं तिथं आहेत, चांगल्या मातीत गवत त्यांना दोन दिवसात झाकून टाकेल.

आता आमचे मित्र काय करणार होते? तिथं दीड फुटाचा खड्डा, खालनं आणलेली पोयटा माती, वर शेणखत, आणि त्यात गुलमोहर नाहीतर ऑस्ट्रेलियन बाभूळ. झाड बहुतेक पहिल्याच उन्हाळ्यात वाळणार. पण खड्डा राहणार, खताची माती पावसात पसरणार, आणि त्या मातीबरोबर आलेलं तण पुढं पाच-दहा वर्षं पसरत राहणार. आणि समजा चुकून झाडं जगलीच, तर सावली पडणार, आणि सड्यावरच्या ह्या सगळ्या गोष्टींना ऊनच लागतं. झाड लावणं म्हणजे पुण्य असं आपल्या डोक्यात इतकं फिट्ट बसलंय की झाड नसलेली जागा आपल्याला आजारी वाटते. रस्त्याकडेला लावा की, पंचगंगेच्या काठाला लावा, शाळेच्या मैदानाभोवती लावा, कोण अडवतंय.

सातबारावर बघितलं तर असली जमीन पोटखराब्यात नाहीतर पड म्हणून लागलेली असते. पिकत नाही म्हणजे बिनकामाची, आणि बिनकामाची म्हणजे घ्या वापरून. जांभ्याच्या थरात बॉक्साईट असतं, त्यामुळं आपल्या जिल्ह्यात खाणी निघाल्या त्याही ह्याच माथ्यांवर. खाण झाल्यावर वर माती टाकून झाडं लावली की फाईलीत ‘पुनर्वसन’ झालं असं लिहिता येतं, हिरवंगार फोटोपण येतो, पण सडा गेला तो गेला. तो परत तयार करायची मशीन अजून निघालेली नाही.

कंदीलपुष्पाचं सांगतो. सेरोपेजिया म्हणजे कंदीलपुष्प, गावाकडं खरपुडी म्हणतात, गुराखी पोरं कंद उकरून खायची. फूल बघाल तर लांबट नळी आणि वर कंदिलासारखी जाळी. वास घेऊन बारीक माशी आत शिरते, नळीत आतल्या बाजूनं केस असतात ते तिला खाली जाऊ देतात पण वर येऊ देत नाहीत. माशी आत अडकते, परागकण अंगाला चिकटतात, फूल कोमेजायला लागलं की केस सैल पडतात आणि माशी सुटून दुसऱ्या फुलात जाऊन परत अडकते, शिकत काय नाही ती. कंदीलपुष्पाच्या कितीतरी जाती जगात फक्त सह्याद्रीत आहेत आणि काही तर एखाद-दुसऱ्या डोंगरावरच. 2023 साली विशाळगडावर एक नवी जात जगासमोर आली, शिवाजी विद्यापीठाच्या प्रा. एस. आर. यादव सरांबरोबरच्या अभ्यासकांनी ती नोंदवली आणि महाराजांच्या नावावरनं सेरोपेजिया शिवरायिना असं नाव दिलं. म्हणजे बघा, ज्या गडावर आपण पिढ्यानपिढ्या जातोय तिथली वनस्पती 2023 पर्यंत शास्त्राला माहीतच नव्हती. अजून काय काय आहे कुणास ठाऊक, आणि आपण तिथं चारचाकी घालून टेंट ठोकतोय.

विद्यापीठातल्या बॉटनिकल गार्डनमध्ये कंदीलपुष्पाच्या बऱ्याच जाती जपल्यात, ते काम मोठंच आहे, वेळ आली तर तिथलं बियाणं, कंद परत डोंगरावर नेता येतील. पण न्यायला डोंगर पाहिजे ना. कुंडीत झाड जगेल, ती माशी, ती कातळाची भेग, ती मातीतली बुरशी कुंडीत येत नाही.

तशीच एक पाल आहे. 2009 साली दाजीपूरच्या जंगलातनं नोंदवलेली, नेमास्पिस कोल्हापुरेन्सिस. चप्पल, गूळ, तांबडा-पांढरा रस्सा अशी आपली यादी असते, त्यात ही पाल कुणी घालत नाही! दिवसा फिरणारी, बोटाएवढी, उजेड पडला की खवल्यांवर रंगीत झाक मारते. तिच्या नावात आपलं गाव आहे आणि शहरातल्या शंभर जणांना विचारलं तर एकाला माहीत असेल नसेल.

आता जरा घाटाकडं जाऊ. आंबोली तशी सिंधुदुर्गात, पण हिरण्यकेशी तिथं उगम पावून आजरा, गडहिंग्लजला पाणी पाजत येते म्हणजे नदी आपलीच. आंबोलीच्या कातळावर एक टोड आहे, बेडकाचा भाऊ, अंगावर वाघासारखे पिवळे चट्टे, म्हणून शास्त्रीय नावात टायगेरिना. जगात तो फक्त आंबोली परिसरात नोंदलेला आहे. वळवाचे पहिले पाऊस पडले की कातळावरच्या उथळ डबक्यात अंडी घालतो. डबकं म्हणजे किती, तर तुमची जेवणाची परात असते तेवढं. पुढचे काही दिवस पाऊस झाला नाही तर डबकं आटतं आणि ती पिढी गेली. त्यात तो रात्री रस्त्यावर येतो आणि वीकेंडला धबधब्याला आलेल्या गाड्यांखाली चिरडतो. आययूसीएन ह्या जागतिक संस्थेच्या धोक्यातल्या जातींच्या यादीत अतिधोक्यात आहे, म्हणजे यादीतली शेवटून दुसरी-तिसरी पायरी. त्याच्यासाठी अभयारण्याची गरज नाही, तेवढा कातळ आणि पावसाळ्यातल्या काही रात्री गाडी हळू चालवणं, एवढं जमलं तरी बरंच होईल.

आणि तिथंच हिरण्यकेशीच्या उगमाला महादेवाच्या मंदिरासमोरच्या कुंडात 2020 साली एक नवा मासा सापडला, शिस्टुरा हिरण्यकेशी. सोनेरी छटेचा, बोटापेक्षा लहान. सरकारनं पुढच्याच वर्षी ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली, क्षेत्र किती, 2.11 हेक्टर. म्हणजे पाच-सव्वापाच एकर. आमच्याकडं एवढा ऊस एका भावाच्या वाटणीला असतो.

आता हे सोलापूरच्या नान्नजबरोबर ठेवून बघा. माळढोकसाठी 1979 साली अभयारण्य झालं, कागदावर जवळजवळ साडेआठ हजार चौरस किलोमीटर. तालुकेच्या तालुके आत. गावं, बाजारपेठा, बागायत सगळं अभयारण्यात, लोकांना स्वतःची जमीन विकायची तरी भानगड, मग पक्ष्यावरच राग. पुढं क्षेत्र कमी करून बाराशेच्या घरात आणलं. तोवर माळ नांगरले गेले, ऊस आला, विजेच्या तारा आल्या, आणि आज महाराष्ट्रात माळढोक दिसला तर बातमी होते. एवढं मोठं क्षेत्र होतं, पण पक्ष्याला लागणारा गवताळ माळ नेमका कुठं आहे तो आधी धरला नाही. किती जागा राखली ह्यापेक्षा कुठली राखली हे आधी बघायला पाहिजे. जगात अलायन्स फॉर झिरो एक्स्टिंक्शन म्हणून संस्थांची एक आघाडी आहे, ते हेच करतात, ज्या जातीची जवळपास सगळी संख्या एकाच ठिकाणी उरलीय अशी ठिकाणं शोधायची आणि त्यांच्यावर आधी बोट ठेवायचं. ती जागा गेली तर ती जात त्याच दिवशी संपली, दुसरा चान्स नाही.

माळ म्हटल्यावर आपल्या कोल्हापूरची गोष्ट आठवते, नव्या पिढीला माहीत नसते म्हणून सांगतो. संस्थानच्या काळात इथं चित्ते पाळले जायचे. चित्तेवान असायचे, ते चित्त्याच्या डोळ्याला पट्टी बांधून गाडीतनं माळावर न्यायचे, काळविटाचा कळप दिसला की पट्टी काढायची. आणि चित्ते कुठले, तर नंतर नंतर आफ्रिकेतनं आणलेले! कारण इथले संपत आले होते, पिल्लं पकडून पकडून आणि शिकार करून करून. 1952 मध्ये सरकारनं चित्ता भारतातनं संपला म्हणून जाहीर केलं. 2022 मध्ये नामिबियातनं आठ आणून मध्य प्रदेशात कुनोला सोडले तेव्हा सगळ्या चॅनलवर लाईव्ह होतं. पण ज्या माळावर तो काळविटामागं पळायचा, ते शहराभोवतालचे माळ कुठं आहेत आता? प्लॉट, एमआयडीसी, ऊस. विमानानं प्राणी आणता येतो, माळ कुठनं आणणार.

उलट गंमत म्हणजे दाजीपूरचं जंगल टिकलं ते संस्थानचं राखीव शिकारीचं रान होतं म्हणून. 1958 ला ते अभयारण्य झालं, गव्यांसाठी, महाराष्ट्रातलं पहिलं. आता राधानगरी अभयारण्य म्हणून 351 चौरस किलोमीटर आहे आणि 2012 पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे. ठक्याच्या वाड्याकडनं सकाळी आत गेलं की सावराई सड्यावर गवे चरताना दिसतात. सड्यावर बरं का, दाट झाडीत नव्हे! त्याला गवत लागतं. आत पण सडे आहेत म्हणून गवे आहेत, हे लोक विसरतात.

आता कोण म्हणेल राधानगरी वाचलं, चांदोली-कोयना वाचलं (2010 पासून तो सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आहे), मग झालं की. नाही झालं, कारण मधला पट्टा. 2022 मध्ये राधानगरीत कॅमेऱ्यात आलेला वाघ पुढच्या वर्षाच्या शेवटी चांदोलीत दिसला, पट्टे जुळवून ओळखला. म्हणजे तो गगनबावडा, पन्हाळा, शाहूवाडीच्या डोंगरांनी वर गेला असणार, आपण ढाब्यावर जेवत असताना कुठंतरी रस्ता ओलांडून. 2025 च्या नोव्हेंबरात ताडोबातनं वाघीण आणून चांदोलीत सोडली, चांगलंच झालं, पण तिची पिल्लं मोठी होऊन दक्षिणेला निघाली तर त्यांना दाजीपूर, चंदगड, तिलारी करत कर्नाटकापर्यंत जायला सलग रान पाहिजे. त्यासाठीच विशाळगड, पन्हाळगड, गगनबावडा, आजरा-भुदरगड, चंदगड ही संवर्धन राखीव क्षेत्रं जाहीर झालीत. हा प्रकार वन्यजीव कायद्यात 2002 च्या दुरुस्तीनं आला. सरकारी जमिनीवरच होतो, अभयारण्याएवढी बंधनं नाहीत, आणि लोकांना विचारून करायचा असतो. मला हा मार्ग बरा वाटतो. नाहीतर ते पश्चिम घाटातल्या इको सेन्सिटिव्ह (पर्यावरणाच्या दृष्टीनं नाजूक) क्षेत्राचं बघा, गाडगीळ समितीचा अहवाल 2011 चा, कस्तुरीरंगन 2013 चा, आणि 2014 पासून मसुद्यामागून मसुदा निघतोय, सहावा 2024 च्या जुलैत निघाला. तोवर गावात अफवा पसरतात की घराला खिळा मारता येणार नाही, आणि हुशार माणसं ‘बंदी यायच्या आधी’ म्हणून प्लॉट पाडून घेतात.

मागं 2025 ला नांदणी मठाच्या महादेवी हत्तिणीला गुजरातला वनतारात नेलं म्हणून अख्खा जिल्हा रस्त्यावर उतरला, तो जिव्हाळा खरा होता, मी कोण बोलणार त्यावर. पण चंदगड-आजऱ्याला 2002 च्या आसपासपासून कर्नाटकातनं रानहत्ती येतायत, त्यांच्या वाटेबद्दल आपण तोंड उघडत नाही. नाव असलेल्या जनावरावर आपण जीव टाकतो. बिननावाच्या वाटेसाठी मोर्चा कोण काढणार.

आणि नुसती जागा धरली की सगळं आलबेल असंही मी म्हणत नाही. गिधाडांचे कडे होते तिथंच होते, पण गुरांना दिलेलं डायक्लोफेनॅक हे दुखण्यावरचं औषध मेलेल्या गुरांच्या मांसातनं पोटात जाऊन गिधाडं मेली, 2006 ला जनावरांसाठी ते बंद केलं तोवर उशीर झालेला. आपल्याकडं नरक्या ह्या झाडाचं तेच, कॅन्सरच्या औषधाला लागणारा कॅम्प्टोथेसिन त्यात निघतो म्हणून चंदगड, राधानगरीच्या रानातनं रातोरात ट्रक भरून गेला. जंगल जागेवर आणि झाड गायब. पण औषध बंद करता येतं, चोर पकडता येतो. सडा फोडल्यावर काय करणार?

माझा मामा राधानगरी तालुक्यातला. त्याच्या भाताचं आणि उसाचं गवे दरवर्षी नुकसान करतात, पंचनामा होतो, पैसे कधी येतात कधी त्याच्या फेऱ्यांत निम्मे जातात. त्यामुळं त्याच्यापुढं मी संवर्धन हा शब्द काढत नाही. त्यांच्या भावकीची वर सड्यावर सामाईक जमीन आहे, आणि गेल्या वर्षापासनं एक पार्टी रिसॉर्टसाठी मागं लागलीय. पुण्यातला पैसा आहे म्हणे, एनएचं (जमीन बिनशेती करायचं) आम्ही बघतो, तुम्ही फक्त सह्या करा. भावकीतल्या तरुण पोरांना पाहिजे आहे, आणि त्यांचं चुकतं असंही मला म्हणवत नाही, नोकऱ्या कुठं आहेत.

मी मामाला विचारलं, तुझं काय मत?

“माझं काय मत असणार? जून ते दिवाळी माझी चार जनावरं वरच असत्यात. ती कुठं न्यायची ते कोण सांगत न्हाई. आणि वर सगळं फोडलं तर खालचा झरा ऱ्हाईल का, त्यावर तीन घरं पाणी भरत्यात.”

ह्या झऱ्याचा मुद्दा मला सुचलाच नव्हता, आणि तो बरोबर आहे, जांभ्याच्या छिद्राछिद्रातनं मुरलेलं पाणीच खाली कडेला फुटतं. मी म्हटलं मामा, हेच बोल की बैठकीत. तर म्हणाला तूच ये, तुला बोलता येतं. बैठक गणपती झाल्यावर आहे. मला तिथं मत नाही, बसायला मिळेल एवढंच, आणि त्यालाही मामाची अट आहे.

“फक्त ते तुझं बेडूक आणि पाल सुरू करू नको लेका. गुरांचं बोल, पाण्याचं बोल.”